बडे डॉक्टर साहब ऑनलाइन आहेत

आमच्या घरात दोन डॉक्टर आहेत, आणि शहरातल्या फॅमिली डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांचेही नंबर आहेत. एक माझे सासरे. त्यांना अख्खा ग्रुप ‘बडे डॉक्टर साहब’ म्हणतो. दुसरी मी. मला ग्रुप सहसा काही म्हणत नाही, फार तर ‘बहूजी’ म्हणतो. गेली काही वर्षं या दोन्ही नंबरांवरून मीच लिहिते आहे, आणि हे आमच्या चार भिंतींबाहेर कुणालाही ठाऊक नाही.

असं एका दमात सांगितलं की सरळसरळ फसवणूक वाटते. आहेच ती. पण रोज थोडी थोडी केली की फसवणुकीचंसुद्धा घरकाम होतं. भाजी निवडायची, डबे भरायचे, बाबांच्या फोनवरून ग्रुपला उत्तर द्यायचं. त्यांच्या फोनवरचा तो ग्रुप उघडायला आता कोड लागतो आणि कोड फक्त मला माहीत आहे. का, ते पुढे येईलच.

ग्रुप तसा कामाचा आहे, उगाच नावं ठेवणार नाही. आम्ही जनरल प्रॅक्टिसवाले दिवसभर एका खोलीत बसतो. समोर पेशंट, मागे औषधांचं कपाट, आणि शंका आली तर विचारायला कुणी नाही. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरला शेजारच्या टेबलावर दुसरा डॉक्टर तरी असतो. ग्रुप झाल्यापासून आम्हालाही शेजार मिळाला. ग्वाल्हेरचे लश्कर, मुरार, हजिरा हे भाग, शिवाय आसपासची डबरा, भिंड, मोरेना ही गावं, इथले सगळे त्यात आहेत. कुणी ईसीजीचा फोटो टाकतं, कुणी पाठीवरच्या चट्ट्यांचा, कुणी विचारतं की आज मुलांच्या वॉर्डात बेड कुठे मिळेल. बाहेरगावी जाणारा लिहून ठेवतो की परत येईपर्यंत माझे पेशंट बघा, आणि आल्यावर त्याला त्याचे पेशंट खरोखर परत मिळतात. आमच्या धंद्यात ही लहान गोष्ट नाही. सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार येतात, ते मुकाट्यानं सोसायचे.

केस टाकताना पेशंटचं नाव लिहायचं नाही, वय आणि तक्रार तेवढी लिहायची, हा ग्रुपचा लिहिलेला नियम. न लिहिलेला नियम असा की बडे डॉक्टर साहेबांनी काही म्हटल्याशिवाय केस मिटत नाही. पाच-दहा जणांनी आपापली मतं दिली तरी शेवटी कुणीतरी लिहितंच, ‘सर का इंतज़ार करते हैं.’ आणि मग सगळे थांबतात.

बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, एक रीत आहे. उत्तर देण्याआधी ते एक प्रश्न विचारतात. ‘घर में कौन-कौन है?’ शिंदे की छावनीतल्या आमच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर हेच केलं. खोकला घेऊन कुणी आला की छातीला नळी लावण्याआधी घरचा पत्ता नव्हे, घरची माणसं विचारायची. एका बाईची डोकेदुखी काही केल्या थांबत नव्हती. तपासण्या झाल्या, चष्मा झाला, कुणीतरी ताईतही बांधून दिला. बाबांनी विचारलं, घरी कोण कोण आहे? तर नवरा रात्रपाळी करणारा, दिवसा झोपणारा. त्याला उजेड आणि आवाज नको म्हणून ती बाई हिवाळ्यात दारंखिडक्या घट्ट लावून कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक करायची. बाबांनी औषध लिहिलंच नाही. एक खिडकी उघडी ठेव म्हणाले. ही गोष्ट ग्रुपवर इतक्यांनी इतक्या वेळा सांगितली आहे की नवीन येणाऱ्याला ती आधीच पाठ असते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला ह्या सासऱ्यांचा भारी अभिमान वाटला होता. त्यांनाही माझा वाटत असावा. लग्नानंतर त्यांनी स्वतःच्या फोनमध्ये माझा नंबर सूनबाई म्हणून साठवला नाही. माझं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे डॉक्टर लावलं. दवाखान्यात मला खुर्ची दिली. पाटीवर त्यांच्या नावाखाली माझं नाव आलं, जरा बारीक अक्षरात. पुढे मला एमडी करायचं होतं. मग ते राहिलं. मग दर्पण कॉलनीत, घराजवळ, स्वतःचं छोटं क्लिनिक काढायचं होतं, तेही राहिलं, कारण छावनीतली गर्दी एकट्या बाबांना झेपेना. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. प्रत्येक वेळी मला फक्त विचारण्यात आलं, आणि प्रत्येक वेळी मी हो म्हटलं. आमच्याकडे असंच होतं.

बाबांचा विसराळूपणा मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या सुमारास सुरू झाला. त्यामुळे आधी आम्हाला तो डोळ्यांचाच दोष वाटला. फोनवरची अक्षरं दिसत नाहीत म्हणून संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते सांगायचे आणि मी टाइप करायचे. मग सांगण्यातले शब्द गळायला लागले. ‘ते दे म्हणावं, ते पिवळं,’ असं म्हणायचे, आणि मी त्या पिवळ्याचं नाव लिहायचे. एका संध्याकाळी त्यांनी केस ऐकली आणि मला विचारलं, ‘तुला काय वाटतं?’

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी माझं मत सांगितलं. ‘मग तेच लिही,’ ते म्हणाले. त्या दिवशी मी हवेत होते, स्वयंपाक करताना गुणगुणत होते. पुढे हळूहळू लक्षात आलं की त्यांच्यापाशी स्वतःचं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी मला विचारलं होतं.

दाखवायला आम्ही त्यांना दिल्लीला नेलं. ग्वाल्हेरमध्ये मेंदूचे चांगले डॉक्टर आहेत, पण त्यांतला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर आहे. दिल्लीच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आधीच कळलेलं होतं.  घरी आल्यावर सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि मला म्हणाल्या, ‘हे बाहेर नाही जायला पाहिजे.’

तेव्हापासून मी बडे डॉक्टर साहेब झाले. छावनीतल्या पेशंटना सांगितलं की डोळ्यांमुळे बाबा आता दवाखान्यात बसत नाहीत. त्यांच्यासारखं लिहिणं अवघड नाही. लहान वाक्यं, आधी घरच्यांची चौकशी, मग ‘दो दिन रुकिए’ किंवा ‘आज ही भेजिए’. मला ती लय चांगली जमते. इतकी, की कधी कधी माझ्या स्वतःच्या पेशंटला मी त्यांच्यासारखं बोलते आणि मग स्वतःवरच चिडते.

चीड आणखी एका गोष्टीची आहे. एखाद्या केसवर मी माझ्या नंबरवरून दुपारी मत द्यावं आणि त्यावर चिटपाखरूही फिरकू नये. संध्याकाळी घरी येऊन बाबांच्या फोनवरून मी तेच मत, जवळजवळ त्याच शब्दांत लिहावं, की हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. ‘वाह सर.’ ‘इसे कहते हैं अनुभव.’ एकदा एकानं तर मलाच उत्तर दिलं, ‘बहूजी, देखिए, सर से सीखिए.’ मी त्याला धन्यवाद लिहिलं. काय लिहिणार होते?

घरात हा विषय काढला की दोन भिंतींशी बोलल्यासारखं होतं. नवरा सरकारी नोकरीत आहे आणि त्याला कुठलीच चालती गोष्ट थांबवायला आवडत नाही. ‘तू टेन्शन का घेते?’ तो म्हणतो. ‘चल रहा है ना? बाबांची इज्जत आहे शहरात. पेशंटचं पण भलंच होऊन राहिलंय.’ सासूबाई वेगळ्या वाटेनं येतात. ‘अगं, त्यांच्यापाशी तो एक ग्रुपच तर राहिला आहे. तो पण काढून घेशील, मग दिवसभर काय करतील ते?’ यात खोटं काही नाही. बाबा रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून फोन घेऊन बसतात. वाचतात की नुसती अक्षरं बघतात, सांगता येत नाही. हात जोडलेली चित्रं दिसली की चेहरा खुलतो. एकदा मी फोन माझ्याबरोबर दवाखान्यात घेऊन गेले, तर त्यांनी घरातली कपाटं रिकामी केली आणि सासूबाईंचं रडणं मला फोनवर ऐकावं लागलं. तेव्हापासून फोन त्यांच्या खिशातच राहिला.

कुणी फोन केला तर तोही निभावला जायचा. शिष्टाचार माणसाच्या आत फार खोल राहतो. बाबा उचलून म्हणायचे, ‘हां भई, घर में कौन-कौन है?’ पलीकडचा आपल्या घरची सगळी हकीकत सांगायचा, बाबा ‘हूं, हूं’ करायचे, आणि माणूस समाधानानं ठेवायचा. भेटायला येणाऱ्यांना मी टाळायचे. थंडीत ग्रुपचं संमेलन होतं, तेव्हा बाबांना दरवर्षी सर्दी व्हायची. एकदा ग्रुपचे मुख्य म्हणजे बाबांचे जुने वर्गमित्र, एक नावाजलेले सर्जन, गजकाचे, म्हणजे आमच्याकडच्या तिळाच्या मिठाईचे, डबे घेऊन दारात आले. मी त्यांना सांगितलं की बाबा झोपलेत. आतून बाबा मोठ्यानं विचारत होते, कोण आलंय? सर्जन साहेब हसले, डबे माझ्या हातात दिले आणि परत गेले. त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. माझ्याबद्दल फारसं चांगलं वाटलं नसणार.

भीती मला एकाच गोष्टीची होती. बाबा कधी स्वतःच काही लिहितील, आणि कुणीतरी ते ऐकेल. तसं झालं नव्हतं, कारण टाइप करणं त्यांना जमेनासं झालं होतं. पण त्या फोनमध्ये बोललं की अक्षरं उमटतात, आणि हे त्यांना माझ्या नवऱ्यानंच कधीतरी मोठ्या हौसेनं शिकवलं होतं.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. म्हणजे आमच्याकडे डेंग्यूचा भर. छावनीतल्या दवाखान्यात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. बाकावर माणसं, पायरीवर माणसं, रस्त्यावर ई-रिक्षांमध्ये ताप आलेली मुलं. दुपारी जरा उसंत मिळाली म्हणून मी फोन हातात घेतला. डबऱ्याकडच्या एका तरुण डॉक्टरांनी केस टाकलेली. आठ वर्षांची मुलगी, चार दिवस तीव्र ताप, अंग आणि डोळ्यांच्या मागे दुखतंय, प्लेटलेट खाली येतायत, डेंग्यूचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येईल. ताप उतरत नाही, काय द्यावं? त्याखाली बाबांचं उत्तर होतं. ‘एस्पिरिन दीजिए. आधी गोली, दिन में तीन बार. आराम हो जाएगा.’

घरी कोण कोण आहे, ते त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यावरून एखाद्याला तरी संशय यायला हवा होता.

डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन देत नाहीत, आणि मुलांच्या तापात तर एरवीही देत नाहीत. प्लेटलेट कमी झाल्यानं रक्तस्रावाचा धोका आधीच असतो, त्यात रक्त आणखी पातळ करायचं. हे आज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. बाबा त्यांच्या तरुणपणात जाऊन पोहोचले होते, जेव्हा ताप म्हटला की हीच गोळी होती. आणि ग्रुप काय करत होता? डबऱ्याच्या डॉक्टरांनी ‘जी सर, प्रणाम’ लिहिलं होतं. खाली हात जोडलेली चित्रं आली होती. एकानं लिहिलं होतं, ‘सर ने ज़रूर कुछ सोचा होगा.’ दुसऱ्यानं त्याच्याही पुढे जाऊन लिहिलं होतं की कमी मात्रेमागे काहीतरी खोल विचार असणार, सर सवडीनं समजावतील.

मी घरी फोन लावला. सासूबाई उचलेनात, ही त्यांची देवळात जायची वेळ. बाबांना लावला तर ते म्हणाले, ‘हां भई, घर में कौन-कौन है?’ मी म्हटलं, ‘बाबा, मी बोलते आहे. ते ग्रुपवरचं काढून टाका.’ ते म्हणाले, ‘बरं, बरं,’ आणि फोन ठेवला. मेसेज जिथल्या तिथे. नवऱ्याचा फोन बंद, तो मीटिंगमध्ये. डबऱ्याच्या डॉक्टरांना लावला तर सारखा एंगेज. त्यांना वेगळा मेसेज टाकला, तो वाचलेला दिसेना. बाहेर पेशंट दार वाजवत होते. आणि त्या मुलीला कुणी कुठल्याही क्षणी अर्धी गोळी पाण्याबरोबर देणार होतं.

माझ्या नंबरवरून मी ग्रुपवर लिहिलं, ‘कृपया एस्पिरिन न दें. डेंगू हो सकता है. ब्लीडिंग का ख़तरा है. सिर्फ़ पैरासिटामोल, तरल पदार्थ, और बच्ची को भर्ती कराने की सोचें.’

 इतक्या जणांसमोर मी सासऱ्यांना चूक म्हणत होते. त्याहूनही विचित्र म्हणजे, ज्या बडे डॉक्टर साहेबांना गेली काही वर्षं मीच उभं ठेवलं होतं, त्यांनाच मी खाली ओढत होते.

 वाचल्याच्या निळ्या खुणा वाढत होत्या. मग एक जण बोलले, ‘मैडम, सर ने कहा है तो आप फ़ोन पर बात कर लेतीं.’ दुसरे म्हणाले, ‘घर की बात घर में.’ आणि मग सर्जन साहेब, गजकवाले: ‘बहूजी, बड़ों से इस तरह सबके सामने नहीं बोलते. हम लोग यह नहीं सीखे.’ त्यावर पटापट हात जोडले गेले. गोळीबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. मला प्रचंड राग आला. मी पुन्हा तेच लिहिलं, अक्षर न बदलता. कपाटापाशी उभी राहून मी तेवढंच करू शकत होते.

शेवटी डबऱ्याहून फोन आला. ‘मैडम, दी नहीं है,’ तो तरुण डॉक्टर म्हणाला. ‘पैरासिटामोल ही दी थी. बच्ची को ग्वालियर भेज रहा हूँ. सच बताऊँ, सर का पढ़कर अजीब मुझे भी लगा था. पर सर से कौन पूछे?’

 तो बिचारा तेच करत होता जे मी घरात करत आले.

फोन ठेवला तर ग्रुपवर बाबांचा नवा मेसेज आलेला. ‘मैडम ठीक कह रही हैं. मेरी बात मत मानिए. ये मैडम कौन हैं?’

मी तो वाचला, पुन्हा वाचला. माझ्या आयुष्यात याहून खरं वाक्य त्या ग्रुपवर कुणी लिहिलं नव्हतं. आणि ग्रुप हसत सुटला. हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं खाली सरकत राहिली. ‘क्या बात है सर.’ ‘बहू की जीत, ससुर की हार.’ ‘ये मैडम कौन हैं, हा हा, सर का विनोद.’ ‘इतने बड़े होकर भी इतनी विनम्रता.’ सर्जन साहेबांनी लिहिलं की यंदाच्या संमेलनात आपल्या मित्राचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करायचा, आता सर्दी वगैरे काही ऐकणार नाही. माणूस स्वतःच्या हातानं लिहून देत होता की माझं ऐकू नका, आणि त्यालाही टाळ्या मिळत होत्या. त्या क्षणी मला कळलं की मी खरं लिहिलं तरी हे लोक ते कौतुकानंच वाचतील. 

तरीही संध्याकाळी ठरवून घरी निघाले. आज फोन काढून घ्यायचा, सर्जन साहेबांच्या घरी जायचं, समोर बसून सगळं सांगायचं. सासूबाई रडतील, रडू देत. नवरा म्हणेल चल रहा है ना, त्याला म्हणायचं, नहीं चल रहा. इंदरगंजच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. मी स्कूटीवर बसल्या बसल्या मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. हिंदीत जुळवत होते, कारण भांडायचं असलं की मला हिंदी बरी पडते.

बाबा व्हरांड्यात वाट बघत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फोन. मला बघून म्हणाले, ‘सूनबाई, ये. बस इथं. एक काम आहे.’ मला त्यांनी ओळखलं होतं. आजकाल ते रोज होत नाही, त्यामुळे मी पर्स खांद्यावरून न काढताच बसले.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. बोट माझ्या नावावर होतं. माझं पूर्ण नाव, पुढे डॉक्टर. ‘ही कोण आहे, तुला माहीत आहे?’

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खरंच विचारत होते. घरातली सून त्यांना आठवत होती, चहा देणारी, टाइप करून देणारी. ती डॉक्टर आहे हे गेलं होतं.

‘माहीत आहे,’ मी म्हटलं.

‘फार हुशार आहे. आज मी चुकलो. मला काय झालं कोण जाणे, मी भलतंच सांगितलं. हिनं अडवलं. सगळे हिला बोलत होते, तरी ही हटली नाही.’ त्यांनी बोट नावावरच ठेवलं. ‘अशी माणसं नाही मिळत. आपल्या दवाखान्यात बसेल का, विचार. माझ्याच्यानं आता नाही होत. कुणाला सांगू नको, पण नाही होत.’

जुळवून आणलेल्या वाक्यांतलं मला एकही आठवेना. जे घराबाहेर सांगायला मी निघाले होते, ते त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं, आणि वर कुणाला सांगू नको म्हणून मलाच गप्प केलं होतं. मला रडायला येत होतं, आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

‘लिही,’ बाबा म्हणाले, आणि नेहमीसारखं सांगायला लागले. मी त्यांचा फोन घेतला आणि नेहमीसारखं टाइप केलं. नमस्कार डॉक्टर. आपण आमच्या दवाखान्यात बसाल, तर माझ्यावर उपकार होतील. पेशंट चांगले आहेत. मी म्हातारा झालो आहे. पाठवा म्हणाले, मी पाठवलं. माझ्या पर्समध्ये फोन वाजला.

‘काय म्हणते?’ त्यांनी लगेच विचारलं.

मी माझा फोन काढून बघितला. तेवढं तरी खरं करावं, म्हणून. ‘येते म्हणते.’

बाबांचा चेहरा असा निवांत झाला, जसा कितीतरी दिवसांत बघितला नव्हता. ते मागे रेलले. मी त्यांच्या फोनवर ग्रुपला कोड घालत होते. तेवढ्यात ते पुन्हा सरळ बसले.

‘तिच्या घरी कोण कोण आहे?’

‘नवरा आहे,’ मी म्हटलं. ‘सासूबाई आहेत. सासरे आहेत.’

‘मग सासऱ्यांना आधी विचारून घे. सून छावनीत दिवसभर बसायची म्हणजे घरच्यांचं बघायला पाहिजे. तिची स्वतःची पण काही इच्छा असेल.’

‘बाबा,’ मी म्हटलं, ‘चालेल का?’

‘मला काय विचारतेस?’ बाबा म्हणाले. ‘त्यांना विचार.’